उन्हात शिजलेले लाडू

फेब्रुवारीत नारायणगावच्या आसपास द्राक्षाची काढणी सुरू झाली की पॅकिंगच्या शेडमध्ये दिवसभर कात्र्यांची कचकच चालू असते. बाया घड हातात धरतात आणि त्यातला बारका, चिरलेला, डाग पडलेला मणी कात्रीने उडवतात. घड पेटीत जातो, मणी खालच्या क्रेटमध्ये. काळ्या ‘जम्बो’ जातीच्या द्राक्षाचा हा सुटा मणी घडातल्या मण्याइतकाच गोड असतो, पण बाजारात त्याला भाव नाही. संध्याकाळी तो ज्याला हवा त्याच्या पिशवीत जातो, उरलेला गुरांपुढे.

अशीच एक पिशवी आमच्या घरी आली आणि मी त्या मण्यांचे लाडू करायला घेतले. खजूर आणि सुका मेवा एकत्र वाटून, न शिजवता, न भाजता वळलेले छोटे लाडू हल्ली घरोघरी होतात. शहरातल्या दुकानांत ते ‘एनर्जी बाइट्स’ म्हणून महागड्या डब्यांत मिळतात. मी खजुराबरोबर ताजी द्राक्षंच वाटली. मिश्रण काही केल्या वळेना. शेंगदाण्याचं कूट घालत गेले, तेव्हा कुठे गोळे झाले. तिसऱ्या दिवशी डब्याचं झाकण उघडलं तर आंबूस वास. सगळे टाकून द्यावे लागले, आणि अन्न टाकताना जिवाला जे होतं ते झालं. आत्याबाईंनी डबा पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, द्राक्षात पाणीच पाणी. आधी त्याला ऊन दाखव, मग लाडवात घाल.”

त्यांच्या त्या एका वाक्यात या लाडवांची सगळी विद्या आहे. ताज्या द्राक्षात शंभरातले सुमारे ऐंशी भाग पाणी असतं. बेदाण्यात ते पंधराच्या आसपास येतं. म्हणूनच चार किलो द्राक्षांतून जेमतेम एक किलो बेदाणा हाती लागतो. नेहमीच्या खजुरातही पाणी पाचव्या हिश्श्याएवढंच, आणि साखर दोन तृतीयांशाच्या घरात. एवढी साखर असली की ती आहे ते पाणी स्वतःकडे बांधून ठेवते. बुरशीला आणि आंबवणाऱ्या जंतूंना जगायला मोकळं पाणी लागतं, ते त्यांना मिळत नाही. मोरावळ्यात आपण साखरेने आणि लोणच्यात मिठाने हेच साधतो. मी ताजी द्राक्षं घालून खजुराने बांधलेला हा हिशेब मोडला होता.

लाडवाला पाक का लागतो, याचंही उत्तर इथेच आहे. गुळात पाणी घालून आपण ते आटवत बसतो, एकतारी की दोनतारी हे बोटावर बघतो. पाणी किती उरलं यावर लाडू बसणार की विस्कटणार हे ठरतं. खजुराच्या बाबतीत हे आटवण्याचं काम झाडावर आणि वाळवंटाच्या उन्हात आधीच झालेलं असतं. खजूर म्हणजे झाडानेच करून दिलेला पाक. शिवाय मऊ खजुरातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. तिचे खडे सहजी धरत नाहीत. खजुराचा लाडू आठ दिवसांनीही दाताला मऊ लागतो, तो यामुळे.

आपल्याकडे ओढ्याकाठी शिंदीची झाडं असतात. ती खजुराचीच बहीण. मे-जूनमध्ये तिला नारिंगी घोस लागतात, पण फळात बीच मोठं आणि गर नावाला. खरा खजूर आपल्याकडे मुख्यतः समुद्रापलीकडून आला. ‘पेरिप्लस’ हे ग्रीक खलाशाचं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं टिपण आहे. इराणच्या आखाताकडून भडोचला येणाऱ्या मालात मोती, कापड आणि मद्याबरोबर भरपूर खजूर असल्याचं त्यात लिहिलेलं आहे. त्याच काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून जुन्नरला येत होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आणि जुन्नरच्या लेण्यांतले यवनांच्या देणग्यांचे शिलालेख त्या वाहतुकीची साक्ष देतात. त्या बैलांवर खजुराची पोती होती का, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण ती वाट चढताना मला ती दिसतात.

पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजात घोडा चढवून चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला येऊन राहिला. इराणात त्याने जनावरांना खजूर चारताना पाहिले होते, आणि इकडच्या मुलखात पाहिली ती घोड्यांसाठी साखर घालून शिजवलेली खिचडी. दोन्ही त्याने आपल्या टिपणांत नोंदवलं आहे. लांबच्या दौडीला गोड आणि भरीव खाणं लागतं, हे दोन्ही मुलखांतल्या मोतद्दारांना ठाऊक होतं.

माणसांसाठीचं असं खाणं आपल्याकडे नवं मुळीच नाही. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ उखळात कुटून वळलेला उपवासाचा लाडू हाही बिनपाकाचाच. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खारकेची पूड असतेच. रमजानमध्ये जुन्नरच्या बाजारात खजुराचे ढीग लागतात. रोजा सोडताना पहिला घास खजुराचा आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरची वाट चालणाऱ्याच्या पिशवीत शेंगदाण्याचा लाडू. मला यात एकच शहाणपण दिसतं.

आता करायचं कसं ते सांगते. बिया काढलेला खजूर पाव किलो, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, सुकवलेली द्राक्षं ५० ग्रॅम, वाळलेली आंबापोळी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि वेलची. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडी सपाट लागते. शेंगदाणे-तीळ भाजण्यापुरती शेगडी पेटते. घरात भाजलेले तयार असतील तर तीही नाही. आधी शेंगदाणे जाडसर फिरवून बाजूला काढा, मग खजूर आणि फळं फिरवा. मिक्सर थांबवत थांबवत चालवावा. सलग फिरवला तर शेंगदाण्याला तेल सुटतं आणि लाडू तेलकट होतात. शेवटी सगळं परातीत घेऊन हाताने मळा आणि सुपारीहून थोडे मोठे गोळे वळा. पंचवीसेक होतात.

खजूर कोणता घ्यावा, याला महत्त्व आहे. डब्यात मिळणारा काळा, लोण्यासारखा मऊ खजूर खायला उत्तम, पण त्यात ओल जास्त. तो घेतला तर शेंगदाणे वाढवा आणि लाडू फ्रिजमध्ये ठेवा. दाबून बांधलेला तपकिरी खजूर या कामाला जास्त भरवशाचा. तो फारच कडक असेल तर नुसती वाफ द्या. पाण्यात भिजवलात की पुन्हा माझ्या पहिल्या डब्याची गत.

द्राक्षं सुकवताना मात्र घाई चालत नाही. मणी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवायचे. बागेत शेवटची फवारणी कधी झाली, हे बागायतदाराला विचारूनच ते घ्या, कारण सुकवल्यावर पाणी जातं आणि सालीवर जे असेल ते मागे राहतं. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. बेदाणा करणारे शेतकरी त्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतात. घरी मणी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात टाकले तरी सालीला बारीक तडे जातात. जम्बोचे मणी मोठे, ते मधोमध चिरलेलेच बरे. जाळीवर पसरून वरून पातळ कापड बांधायचं आणि रात्री घरात घ्यायचं, नाहीतर दवाने दिवसभराची मेहनत जाते. बोटाने दाबल्यावर रस आला नाही, मणी चामड्यासारखा लवला, की झालं. आमच्या गच्चीवर याला आठवडा तरी लागतो.

या लाडवांबद्दल दोन गोष्टी चुकीच्या पसरल्या आहेत. पहिली, ‘यात साखर नाही’. वरून घातलेली नाही, एवढंच खरं. एका लाडवात पाऊणशे कॅलरी आणि चमचा-दोन चमचे फळांची साखर असते. मधुमेहाच्या माणसाने तो औषध म्हणून खाऊ नये. दुसरी, ‘खजुराने रक्त वाढतं’. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. त्याच वजनाच्या तिळात त्याच्या दहापटीहून जास्त असतं, अळिवातही भरपूर. लाडवात जीव आणतात ते तीळ आणि शेंगदाणे. खजूर त्यांना धरून ठेवतो, म्हणून तीळ कमी करू नका. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेका. बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. आणि अगदी लहान मुलांना अख्खा गोळा देऊ नका, शेंगदाण्याचा तुकडा घशात अडकतो.

द्राक्षानंतर करवंदं येतात. एप्रिल-मेमध्ये आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात महादेव कोळी बाया आणि पोरं काट्यांत हात घालून ती काढतात आणि पानांच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला विकायला बसतात. पिकून काळं झालेलं करवंद चिरून, बी काढून, किंचित मीठ लावून वाळवलं की त्याची आंबटगोड चकती होते. नुसत्या खजुराचा लाडू दुसऱ्या घासाला तोंड मिटवतो. करवंदाची ही चकती ते मोकळं करते. माझ्या मते या भागातला सगळ्यात चांगला लाडू करवंदाचा, आणि नेमकं तेच फळ फारसं कोणी सुकवत नाही. बचत गटांनी हे करून पाहावं. विकायचं असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते आणि डब्यावर तारीख लागते, पण उन्हाला पैसे पडत नाहीत.

मग आपल्याकडच्या येणेरे गावचा हापूस. कोकणातला आंबा सरत आला की आपला येतो, त्यामुळे आंबापोळीला उन्हाचे दिवस थोडेच मिळतात. ताटाला तूप लावून रस पातळ पसरायचा, सुकला की त्यावर दुसरा थर. मृगाचे ढग दिसायला लागले की आत्याबाई दर तासाला आभाळाकडे बघतात.

लाडू मार्चच्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात, फ्रिजमध्ये महिनाभर. पावसाळ्यात मी एकदम वळून ठेवत नाही. सुकवलेली द्राक्षं, करवंदं आणि आंबापोळी काचेच्या बरण्यांत वेगवेगळी ठेवते आणि हवे तेवढेच लाडू करते. गेल्या श्रावणात भीमाशंकरकडून धुकं उतरलेलं असताना आत्याबाईंनी करवंदाची बरणी उघडली, एक चकती तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “अजून वैशाखाचं ऊन लागतंय बघ.”