बंद संकेतस्थळे आणि आपला वाचनाचा हक्क

ज्ञानबंदी हा आपल्या समाजाच्या इतिहासातला जुना विषय आहे. आज ती संगणकाच्या पडद्यावरही भेटते. ‘हे संकेतस्थळ उघडता येत नाही’ अशी ओळ आली की आपला विद्यार्थी एक तर मुकाट्याने मागे फिरतो, किंवा कुणीतरी सांगितलेली युक्ती करून पाहतो. नांदेड-लातूर भागात शिकवताना या दोन्ही गोष्टी मी नेहमी पाहतो. ही बंदी कोणी घातली आणि कोणत्या अधिकाराने घातली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

बंदी कुठे आहे हे ओळखण्याची साधी रीत आहे. ते स्थळ स्वतःच बंद पडलेले नाही ना, हे आधी पाहावे. महाविद्यालयाच्या संगणकावर न उघडणारे पान मोबाइलच्या डेटावर उघडले, तर अडथळा महाविद्यालयाच्या फायरवॉलचा आहे. एका कंपनीच्या सिमवर बंद आणि दुसरीच्या सिमवर चालू असेल, तर अडथळा कंपनीच्या पातळीवर आहे. सगळ्याच कंपन्यांकडे बंद असेल, तर शासनाचा किंवा न्यायालयाचा आदेश असण्याची शक्यता धरावी.

कंपनी पान अडवते ते मुख्यतः दोन प्रकारे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. कंपनी आपल्या डीएनएसमधून खरा पत्ता देत नाही. अशा वेळी मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बदलले की पान उघडू शकते. दुसऱ्या प्रकारात जोडणी होतानाच संकेतस्थळाचे नाव वाचून ती तोडली जाते. तिथे व्हीपीएन लागते. व्हीपीएन आपला सारा व्यवहार सांकेतिक रूपात दुसऱ्या एका यंत्रामार्फत नेते, त्यामुळे कंपनीला आपण कुठे जातो ते दिसत नाही. पण व्हीपीएन चालवणाऱ्याला ते दिसू शकते, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. फुकटचे व्हीपीएन बहुधा आपल्या माहितीवरच पोट भरते. आपल्याकडे व्हीपीएन वापरणे हा सरसकट गुन्हा नाही. मात्र २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवायची आहे.

आता अधिकाराचा प्रश्न. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र शासन संकेतस्थळ बंद करू शकते. त्यासाठीच्या २००९ च्या नियमांतील १६ वा नियम ही सारी कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. म्हणजे बंदी आहे, पण कारण कळत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. पण कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि आदेशाला रिट अर्जाने आव्हान देता येते, हेही स्पष्ट केले. हुंड्यावर उपहास करणारे एक संकेतस्थळ बंद झाले, तेव्हा त्याचा कर्ता दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आदेशाची प्रत त्याला द्यावी, असे न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले.

प्रत्येक बंदी अन्यायाची असते असे नाही. बालकांच्या शोषणाची चित्रे अडवलीच पाहिजेत. परंतु बंदीचा हात आंधळा असतो. जुलै २००६ मध्ये शासनाने थोडीशी संकेतस्थळे बंद करायला सांगितली. त्यांत ‘दलितस्तान’ नावाचे एक स्थळ होते. तिथले विचार आपल्याला पटण्याजोगे होतेच असे नाही. पण कंपन्यांनी त्या यादीपायी ब्लॉगस्पॉटवरचे सारेच लेखन बंद केले. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे इंटरनेट अर्काइव्ह हे जुन्या ग्रंथांचे भांडारच देशात बंद झाले होते.

महाविद्यालयाची बंदी तर याहून आंधळी. आमच्या भागातील एका महाविद्यालयात असे ग्रंथभांडार ‘फाइल डाउनलोड’ या वर्गात धरून बंद ठेवले होते. बाबासाहेबांवरचे जुने ग्रंथ शोधणाऱ्या मुलांना मी व्हीपीएन शिकवू शकलो असतो. त्याऐवजी आम्ही प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. संकेतस्थळाचे नाव, अभ्यासाचा विषय आणि सह्या. आठवडाभरात ते सर्वांसाठी खुले झाले.

महाडचे तळे १९२४ मध्येच नगरपालिकेने ठरावाने खुले केले होते, तरी पाणी मिळत नव्हते. बाबासाहेबांनी रात्री गुपचूप घागर भरून आणायला सांगितले नाही. २० मार्च १९२७ ला ते हजारोंसह दिवसाढवळ्या तळ्यावर गेले, आणि पुढे १९३७ पर्यंत तो हक्क न्यायालयातही लढवला. युक्ती अडीअडचणीला जरूर वापरावी. तिने एकट्याचे काम भागते. पण गावोगावच्या अभ्यासिकांत आणि वसतिगृहांत बसलेल्या मुलांसाठी अर्ज करावा लागतो, माहितीच्या अधिकारात आदेश मागावा लागतो, गोपनीयतेचे कारण सांगून तो नाकारला तर अपील करावे लागते. हे काम शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हाती घेतले पाहिजे.