शिळेची चूक आणि यंत्राची चूक

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा जो प्रचंड ठेवा सापडला, त्याची गणती १३,०००च्या पुढे गेली. आणि त्यातील ज्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारून जुना मजकूर झाकला नव्हता, अशांपैकी एखादे नाणे भिंगाखाली धरले, तर क्षहरात क्षत्रप नहपानाच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरांचे एक कडे दृष्टीस पडते. राजा शक, भाषा प्राकृत आणि लिपी ग्रीक, असा हा त्रिवेणी संगम. त्या काळच्या ग्रीक लिपीत ‘ह’ या ध्वनीसाठी स्वतंत्र अक्षर नव्हते, आणि ज्याच्या नावातच ‘ह’ आहे अशा राजाचे नाव तर त्या लिपीत उमटवायचे होते. ही अडचण टांकसाळीतल्या कारागिराने अशी निवारली, की दोन उभे खांब आणि त्यांना मधोमध जोडणारी एक तुळई, म्हणजे इंग्रजी ‘एच’सारखे जे अक्षर ग्रीक माणूस ‘एटा’ म्हणून दीर्घ ‘ए’ असे वाचत असे, तेच त्याने रोमन रिवाजाप्रमाणे ‘ह’ म्हणून वापरले. ग्रीक व्याकरणाचा कोणी कर्मठ अभिमानी हे नाणे वाचू लागला, तर त्याला येथे नहपान सापडणार नाही, भलतेच कोणी सापडेल.

पुढे चष्टनाच्या वंशातील क्षत्रपांच्या नाण्यांवर हे ग्रीक कडे कायम राहिले, परंतु ते वाचणारे उरले नाहीत. पिढी दर पिढी नकलेची नक्कल होत गेली आणि अक्षरांची अखेर अर्थहीन नक्षी झाली. अक्षरांचा विपर्यास ही संगणकाने जगात आणलेली आपत्ती नव्हे, हे सांगण्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे. मात्र आज जगभरचे प्राचीन ग्रीक व लॅटिन शिलालेख संगणकाच्या दफ्तरात दाखल होत असताना एक नवाच विपर्यास त्या जुन्या विपर्यासावर येऊन बसला आहे, आणि यंत्राने केलेली चूक नाहीशी करताना शिळेवरची चूक सुखरूप राखणे, हेच या क्षेत्रातील संशोधकांचे खरे कसब ठरले आहे.

यंत्राची चूक कशी होते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. संगणक अक्षर जाणत नाही, अंक जाणतो. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावे याचा एक करार असतो, आणि लिहिणाऱ्याने एका करारान्वये लिहिलेले वाचणाऱ्याने दुसऱ्या करारान्वये वाचले, की मजकुराचा चुराडा होतो. १९७२ साली कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे समग्र ग्रीक वाङ्मय संगणकात आणण्याचा उद्योग आरंभला गेला, तेव्हाच्या यंत्रांना रोमन वर्णमालेपलीकडची अक्षरे ठाऊक नव्हती. म्हणून डेव्हिड पॅकार्ड यांनी ‘बीटा कोड’ नावाची एक सांकेतिक पद्धत सिद्ध केली, आणि पुढे ग्रीक शिलालेखांचे मोठे संग्रहही याच पद्धतीने नोंदले गेले. तीत थीटासाठी ‘क्यू’, ओमेगासाठी ‘डब्ल्यू’, प्सायसाठी ‘वाय’ आणि एटासाठी आपला तोच ‘एच’ योजलेला होता. आघातचिन्हांसाठी तिरप्या रेघा आणि कंस होते. येथून पुढे ग्रीक सुरू, हे डॉलरच्या चिन्हाने सांगायचे, आणि येथून पुढे रोमन सुरू, हे इंग्रजी ‘अँड’च्या चिन्हाने. पद्धत चोख होती. पण हा मजकूर पुढे नव्या संकेतात उतरवताना कोणा आज्ञावलीच्या नजरेतून ते एक ‘अँड’ चिन्ह सुटले, तर त्यापुढचे अस्सल लॅटिन शब्द ग्रीक अक्षरांचा वेष घेऊन उभे राहतात. अंकारा येथील मंदिराच्या भिंतींवर सम्राट ऑगस्टसच्या कार्याचा जो वृत्तांत लॅटिनमध्ये आणि ग्रीक भाषांतरासह कोरलेला आहे, तशा द्विभाषिक लेखांना हा धोका सर्वांत अधिक.

दुसरा प्रकार मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९९१पासून युनिकोड या सार्वत्रिक संकेताने जगातील लिप्यांना एका छत्राखाली आणले खरे, पण त्याच्या प्रचलित साठवणुकीत साध्या ग्रीक अक्षराला दोन आणि देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात. पश्चिम युरोपातील जुना तक्ता बाळगून बसलेला संगणक त्यातील प्रत्येक बाइट सुटे अक्षर समजून वाचतो. मग ग्रीक ‘आल्फा’च्या जागी माथ्यावर टोपी असलेला ‘आय’ आणि त्यापाठोपाठ अधिक-उण्याचे चिन्ह उमटते, आणि मराठीच्या एकेका अक्षराची तीन-तीन अनोळखी चिन्हे होतात. जुन्या फाँटात टंकित केलेला आपलाच लेख वीस वर्षांनी उघडावा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कोंडा पसरलेला पाहावा, हा अनुभव मी घेतला आहे, आणि तो ज्याने घेतला असेल त्याला ग्रीक लेखांच्या अभ्यासकाची व्यथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. समाधान एवढेच, की मूळ बाइट शाबूत असतील तर ही गाठ उलट दिशेने सोडवता येते. पण मधल्या एखाद्या यंत्राने न ओळखलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकले असेल, तर तेथे मूळ अक्षर कायमचे गेले, आणि छापील ग्रंथाकडे किंवा शिळेच्या कागदी ठशाकडे परतण्यावाचून उपाय राहत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत कपटी, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. ग्रीक आणि रोमन या दोन लिप्यांतील १४ मोठी अक्षरे आकाराने एकसारखी आहेत. ग्रीक ‘ऱ्हो’ रोमन ‘पी’सारखा दिसतो, ‘खाय’ ‘एक्स’सारखा, आणि शिलालेखांतील चंद्रकोरीसारखा ‘सिग्मा’ तर रोमन ‘सी’च्या साच्यातलाच. टंकलेखकाची बोटे घाईत इंग्रजी कळफलकावर गेली आणि ग्रीक नावात एक रोमन ‘ए’ शिरला, तर वाचणाऱ्याला काहीही खटकत नाही. पण त्या नावाचा शोध घेणाऱ्या संशोधकाला संगणक शांतपणे सांगतो, की हे नाव दफ्तरात नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या माणसाचे नाव त्याच्या आप्तांनी दगडावर कोरून ठेवले, तो माणूस एका परक्या अंकापायी नोंदीतून बेपत्ता होतो. एकाच लिपीतही हा घोटाळा घडतो. आघातासह असलेला ग्रीक स्वर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या अंकांनी लिहिता येतो, आणि आपल्या ‘तऱ्हा’ शब्दातील ‘ऱ’ देखील एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन, असा दोन तऱ्हांनी साठवता येतो. अशा जोड्यांचे एकरूपीकरण करण्याचे नियम ठरलेले आहेत, आणि ते संपूर्ण दफ्तराला एकदम लावता येतात.

मग ग्रीक मजकुरात दिसेल ते प्रत्येक रोमन अक्षर हुडकून त्याचे ग्रीक करून टाकावे, असा सरसकट हुकूम का सोडू नये? कारण तेथेच शिळेचा घात होतो. अथेन्सने इ. स. पू. ४०३मध्ये, युक्लिडीस हा आर्खोन असताना, आयोनियाची वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली. तोपर्यंतच्या अथेनियन लेखांत ते दोन खांबांचे अक्षर दीर्घ ‘ए’साठी नव्हे, तर ‘ह’साठीच वापरले जात होते. हे वाचकाच्या ध्यानात यावे म्हणून विद्वान संपादक अशा लेखांच्या ग्रीक पाठात रोमन लिपीतला लहान ‘एच’ हेतुपुरस्सर छापतात. यंत्राला तो परका दिसतो, पण तो संपादकाचा निर्णय आहे. तो पुसला तर त्या अक्षराबरोबर अथेन्सच्या उच्चाराचा एक पुरावा पुसला जातो.

लॅटिनची गोष्टही अशीच. रोमन थडग्यांवर ‘इतकी वर्षे जगला’ या अर्थी ‘विक्सित’ हा शब्द असंख्य वेळा येतो, आणि उत्तरकाळातील अनेक शिळांवर तो ‘बिक्सित’ असा कोरलेला आढळतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक आहे. पण लोकांच्या तोंडी ‘व’ आणि ‘ब’ यांतील भेद मावळू लागला होता, ही वार्ता पाथरवटाच्या याच चुकीने आपल्यापर्यंत पोचवली. सम्राट क्लॉडियसने तर लॅटिनमध्ये तीन नवी अक्षरेच दाखल केली. व्यंजन ‘व’साठी उलटा ‘एफ’, जो रोमच्या पवित्र सीमेचे त्याने बसवलेले दगड आजही दाखवतात. ‘प्स’ या जोडध्वनीसाठी उलटा ‘सी’. आणि ‘उ’ व ‘इ’ यांमधल्या स्वरासाठी अर्धा ‘एच’. इ. स. ५४मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर ती प्रचारातून गेली. युनिकोडमध्ये या तिन्ही अक्षरांच्या लहान-मोठ्या जोड्या २००६मध्ये पुऱ्या झाल्या. नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी उलट्या ‘एफ’चा सुलटा ‘व्ही’ केला, तर मजकूर सुवाच्य होईल, पण सम्राटाने काढलेले लिपीचे फर्मान रद्दबातल होईल.

संपादकाच्या चिन्हांवरही यंत्राची वक्रदृष्टी पडते. १९३१ साली लायडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत असे ठरले, की शिळेचा भंगलेला भाग तर्काने भरल्यास तो चौकोनी कंसात द्यावा, संक्षेप उलगडल्यास गोल कंसात, आणि कोरणाऱ्याकडून सुटलेले अक्षर संपादकाने घातल्यास टोकदार कंसात. आता टोकदार कंस हीच संगणकाच्या पानांची आज्ञा लिहिण्याची खूण आहे. त्यामुळे टोकदार कंसातले अक्षर जसेच्या तसे पानावर आले, तर यंत्र ते आपल्यालाच दिलेली आज्ञा समजून गिळू शकते. पाथरवटाने विसरलेले आणि विद्वानाने परत आणलेले अक्षर तेथे दुसऱ्यांदा हरवते.

या साऱ्यावरचा उपाय आपल्याकडच्या मामलेदार कचेरीला अपरिचित नाही. सातबाऱ्यावरील नाव कोणी खोडरबराने बदलत नाही. बदलाची नोंद फेरफाराच्या वहीत क्रमांक, तारीख आणि आधार यांसह होते, आणि जुनी नोंद वाचता येईल अशीच राहते. शिलालेखांच्या पाठांसाठी १९९०च्या दशकाच्या अखेरीस टॉम एलियट यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘एपिडॉक’ पद्धती नेमके हेच करते. ‘शिळेवर असे आहे’ आणि ‘अपेक्षित रूप असे आहे’ ही दोन्ही रूपे ती शेजारी शेजारी नोंदवते, म्हणजे ‘विक्सित’ शोधणाऱ्याला ‘बिक्सित’ सापडते आणि ‘बिक्सित’ मात्र जागचे हलत नाही. १८५३ साली बर्लिनमध्ये लॅटिन शिलालेखांच्या महाकोशाची पायाभरणी करताना थिओडोर मॉमसेन यांनी शिळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पाठ देण्याचा जो दंडक घातला, त्याचा हा संगणकयुगातील वारस होय. यंत्राने संशयित जागांची यादी काढावी, परंतु शिक्कामोर्तब करण्यापूर्वी माणसाने ठसा किंवा छायाचित्र पाहावे.

म्हणून अखेरीस पुन्हा त्या जोगळटेंभीच्या नाण्याकडे येतो. नहपानाचे नाव दफ्तरात चढवू लागलेल्या संपादकापुढे तेच दोन खांबांचे अक्षर आहे, आणि यंत्र त्याला विचारते आहे, की याला ग्रीक एटाचा अंक द्यावा की रोमन एचचा. ग्रीक द्यावा तर उच्चार हातचा जातो, रोमन द्यावा तर कड्यातील बाकीच्या अक्षरांशी त्याचे नाते तुटते. विवेकी संपादक आकारासाठी एटाचा अंक देईल, शेजारी ‘येथे उच्चार ह’ असा शेरा लिहील, आणि त्याखाली आपले नाव व तारीख घालील, म्हणजे उद्या ज्याला हा निर्णय पटणार नाही त्याला तो कोणी, केव्हा आणि का घेतला हे विचारता येईल, आणि कारागिराने काय कोरले होते हे मात्र कोणालाच विचारावे लागणार नाही.