बिलाच्या काउंटरवरची जबाबदारी

मस्कतच्या अल् घुब्रात राहणारं मराठी कुटुंब शुक्रवारी आठवड्याच्या सामानाला निघतं, तेव्हा आधी डिकीत कापडी पिशव्या पडतात. 1 जानेवारी 2021 पासून ओमानने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक पिशव्या बंद केल्या. नियम मोडणाऱ्याला 100 ते 2000 रियाल दंड, पुन्हा सापडला तर दुप्पट. जुलै 2024 पासून दुसरी, अधिक कडक बंदी टप्प्याटप्प्याने आली. सुरुवात औषधांची दुकानं आणि दवाखान्यांपासून झाली.

मोठ्या दुकानांची सामाजिक जबाबदारी म्हटलं की मला देणगीच्या धनादेशाचा फोटो आठवत नाही, ही पिशवी आठवते. आपल्याकडे भारतात 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. चांगलंच झालं. पण दोन टक्के कुठे गेले हे विचारताना उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले, हेही विचारायला हवं. माल कुठून घेतला, काउंटरवरच्या मुलीला बसायला खुर्ची आहे का, संध्याकाळी उरलेल्या भाजीचं आणि पावाचं काय होतं? दुकानाची नियत तिथे कळते.

ओमानमध्ये हा विचार नवा नाही. कच्छच्या मांडवीहून आलेल्या कुटुंबाची खिमजी रामदास ही पेढी 1870 पासून इथे आहे. भारतातून धान्य, चहा, मसाले आणायचे आणि इथला खजूर, सुकं लिंबू, लोबान तिकडे पाठवायचा, असा तो व्यापार. 1970 पर्यंत इथे रुपयाही चालायचा. आजच्या रियालातला ‘बैसा’ हा आपलाच पैसा आहे. एवढ्या जवळिकीत व्यापारी परका राहत नाही. या पेढीचे कनकसी खिमजी 1975 साली सुरू झालेल्या इंडियन स्कूल मस्कतच्या संस्थापकांपैकी होते. ओमानचे तेव्हाचे सुलतान काबूस यांनी त्यांना ‘शेख’ ही पदवी दिली. हिंदू माणसाला असा मान क्वचितच मिळाला असेल. 18 फेब्रुवारी 2021 रोजी ते गेले. पेढीचं समाजकार्य आज ‘इशराका’ या नावाने चालतं. शिक्षण आणि आरोग्य हे त्यातले मुख्य विषय.

शाळा काढणं हे मला कनकसींचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ना नफा तत्त्वावर, पालकांच्या सहभागाने चालणाऱ्या भारतीय शाळांची रांग त्यातूनच उभी राहिली. अल् घुब्रातली मराठी मुलं जिथे शिकतात ती इंडियन स्कूल अल् घुब्राही त्याच रांगेतली.

तरीही मोठ्या दुकानांची खरी परीक्षा रोजच्या पाळीत असते. ओमानच्या 2023 च्या कामगार कायद्याने आठवड्याला 40 तास ही कामाची मर्यादा घातली आणि बाळंतपणाची रजा 98 दिवसांची केली. जून ते ऑगस्ट दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावर काम करवून घ्यायला मनाई आहे. असे नियम मनापासून पाळणारं दुकान मला देणग्या देणाऱ्या दुकानापेक्षा मोठं वाटतं.

आणि थोडं आपल्या हातातही आहे. घुब्रातल्या उन्हाळ्यात त्या तीन तासांत घरपोच सामान मागवू नका. संध्याकाळी स्वतः जा, आणि जाताना पिशवी न्या.