पटावरचा विचार आणि वर्गातला विचार

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे डी. गुकेश वयाच्या अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक पटकावला. या विजयांचा आनंद मराठी घरांत व्हावा, हे स्वाभाविकच होय. परंतु अशा विजयांच्या मागोमाग एक निराळीच अपेक्षा घरांत शिरत असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला बुद्धिबळाच्या वर्गाला घातले, म्हणजे त्याची एकाग्रता वाढेल, गणित सुधारेल आणि पर्यायाने परीक्षेतील गुणही वाढतील, अशी ती अपेक्षा. खेळाच्या नावातच ‘बुद्धी’ असल्यामुळे या समजुतीची फारशी चिकित्सा होत नाही. ती करणे अगत्याचे आहे. कारण पालक शुल्क भरतात ते या समजुतीपोटी, आणि ती फोल ठरली की दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हर्बर्ट सायमन हे नाव १९७८ च्या नोबेल पारितोषिकामुळे परिचित असते. माणूस निर्णय कसा घेतो, याचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या या विद्वानाने विल्यम चेस या सहकाऱ्यासह १९७३ साली बुद्धिबळपटूंच्या स्मरणशक्तीवरील संशोधन प्रसिद्ध केले. खऱ्या डावातील एखादी स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडावयास सांगितली असता निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरे अचूक मांडले. पण तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखविले, तेव्हा निष्णात खेळाडूही जवळजवळ नवशिक्याच्या पंक्तीला येऊन बसला. याचा अर्थ उघड आहे. त्याच्यापाशी होती ती सर्वसाधारण स्मरणशक्ती नव्हे, तर असंख्य डावांतून साठविलेली बुद्धिबळातील आकृतिबंधांची पुंजी होती. त्या पेढीवरील हुंडी दुसऱ्या पेढीवर आपोआप वटत नाही.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट शाळांत तपासून पाहण्यात आली. शंभर प्राथमिक शाळा निवडून त्यांपैकी काही शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकविले गेले. उरलेल्या शाळांचे नित्याचे काम चालू राहिले. शिकवणी संपून वर्ष उलटल्यावर दोन्ही गटांच्या गुणांची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गणितात, वाचनात वा विज्ञानात बुद्धिबळ शिकलेल्या मुलांना कोणताही विशेष लाभ झाल्याचे आढळले नाही.

मग बुद्धिबळ निरुपयोगी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. गुणपत्रिकेवर उमटत नाही ते सर्व व्यर्थ, असे शिक्षक तरी म्हणणार नाहीत. या खेळात फाशांचे दान नाही. त्यामुळे हार झाली तर नशिबाला बोल लावता येत नाही. हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे, या नियमामुळे आधी विचार आणि मग कृती, हा क्रम अंगी बाणविण्याची संधी मिळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोरच्याचा विचार करावा लागतो. ‘मला काय हवे’ हे लहान मुलाला उपजतच कळते. ‘त्याला काय हवे असेल’ हा प्रश्न मात्र शिकावा लागतो. बुद्धिबळ तो प्रत्येक खेळीला विचारते.

मात्र पटावरची ही सवय पटाबाहेर नेण्यासाठी मध्ये शिक्षक उभा असावा लागतो. एकेकाळी भाषेचे व्याकरण घोकल्याने बुद्धीला सर्वत्र उपयोगी पडेल असे वळण लागते, असे मानले जाई. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच त्या समजुतीला धक्का दिला. दोन कामांत काही समान घटक असतील, तरच एकातील शिक्षण दुसऱ्यात उतरते, असे त्यांनी दाखविले. तो समान घटक मुलाच्या नजरेस आणून देणे, हेच शिक्षकाचे काम आहे.

म्हणून आरंभी सगळा पट मांडण्याची घाई नको. प्रथम केवळ प्याद्यांचाच डाव खेळवावा; ज्याचे प्यादे आधी पलीकडच्या टोकाला पोहोचेल, तो जिंकला. प्रत्येक खेळीपूर्वी मुलाने प्रतिस्पर्ध्याचा हेतू मोठ्याने सांगावा आणि स्वतःपुढील निदान दोन पर्याय बोलून दाखवावेत. डाव संपल्यावर कोण हरले यापेक्षा कोठे वाट चुकली, याची चर्चा व्हावी. आणि मग गणिताच्या तासाला त्याच शिक्षकाने तेच प्रश्न विचारावेत: दिले काय आहे, काढावयाचे काय आहे, दुसरी वाट आहे काय? गोष्टीच्या तासाला विचारावे: या पात्राने असे का केले असेल? वर्गातला नेहमीचा शिक्षक हे करू शकतो. आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्रशिक्षकाला ते साधणे कठीण.

येथे खर्चाचा प्रश्न येतो. पट आणि मोहरे स्वस्त असतात, दोन मुलांत एक संच पुरतो. खरा खर्च आहे तो वेळेचा. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, तो येथे लागू पडतो. बुद्धिबळाचा तास चित्रकलेतून काढला, मैदानातून काढला की वाचनातून, हे विचारल्यावाचून त्याची किंमत कळत नाही. आर्मेनियाने २०११ पासून दुसरी ते चौथीच्या वर्गांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला. आपल्याकडे एखाद्या शाळेला तो मार्ग अनुसरावासा वाटला, तर तिने मोहऱ्यांच्या खरेदीपूर्वी शिक्षकांच्या तयारीची तरतूद करावी. त्यावाचून वेळापत्रकात तास तेवढा वाढेल.

खाडिलकर भगिनींपैकी रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. महाराष्ट्रात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजला तो मुख्यतः त्याच्या गोडीमुळे. ती गोडी मुलांना जरूर लावावी. पण पालकांनी मुलाला पटापाशी बसविताना गुणांचा हिशेब मनात ठेवू नये, आणि वर्ग चालविणाऱ्यांनीही सिद्ध न झालेली आश्वासने देऊ नयेत. आठ वर्षांचे मूल डाव हरून घरी आले, तर ‘किती हरलास?’ याऐवजी ‘त्याने कोणती खेळी केली, ती तुला आधी दिसली होती का?’ असे विचारावे. बुद्धिबळातून मिळण्याजोगे शिक्षण त्या उत्तराच्या शोधात आहे, आणि त्यासाठी कोणतेही शुल्क पडत नाही.