शिकार, मासळी, सफारी : बल्लारपूरच्या रानात हक्क कुणाचा?

चंद्रपूर शहराचा जन्म एका शिकारीत झाला, असं इथल्या घराघरांत सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात राहायचा. अंगभर उठलेल्या फोडांनी तो बेजार होता. शिकारीला निघाला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातलं पाणी तो प्यायला, आणि त्याला आराम पडला. पुढे त्याच परिसरात एका सशाने राजाच्या शिकारी कुत्र्याचा उलटा पाठलाग केला. राणी जाणती होती. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर परकोट बांधा, असं तिने सांगितलं, आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसलं.

कथा किती खरी ते बाजूला ठेवू. वर्धेच्या काठचं हे रान हौसेने आत शिरणाऱ्याला फार जुन्या काळापासून बोलावत आलं आहे, एवढं तिच्यातून नक्की कळतं. आज नागपूर, पुणे, हैदराबादहून येणारा पाहुणा बल्लारपूरच्या बल्लारशा जंक्शनवर उतरतो. स्टेशनच्या भिंतींवर त्याला वाघ आणि आदिवासी चित्रं भेटतात. उत्तरेला जुनोना आणि ताडोबा, दक्षिणेला कोठारी, गोंडपिपरीकडचं कन्हाळगाव, आणि वैनगंगेपलीकडे दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली असलेला गडचिरोली जिल्हा. ही बहुतेक जंगलं सरकारी आहेत, म्हणजे कागदावर तरी सार्वजनिक आहेत. मात्र त्यांत कोणी, कशासाठी आणि कोणाच्या परवानगीने जायचं, याचा निवाडा गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलला. तो इतिहास माहीत असल्याशिवाय इथली सफारी अपुरी आहे, असं मला वाटतं.

कलम २६

भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा. त्याच्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात काय करू नये याची यादी आहे. नियमांविरुद्ध शिकार करणं, बंदूक चालवणं, मासे धरणं, पाण्यात विष कालवणं, सापळे आणि फास लावणं हे सगळं त्या कलमाच्या एकाच खंडात येतं. वाघावर गोळी झाडणारा साहेब आणि नाल्यात मासोळी धरणारं पोर कायद्याच्या एकाच ओळीत बसवले गेले. फरक पडायचा तो परवान्याने.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. राखीव जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. वन अधिकाऱ्याकडून ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळे. कोणतं जनावर मारता येईल, किती मारता येतील, हे परवान्यावर लिहिलेलं असे. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास लोहमार्ग या जंगलाच्या दाराशी आला. तंबू, बंदुका, खानसामे घेऊन शिकारी येत. मचाण बांधायला, आमिष म्हणून रेडकू बांधायला, ‘गारा’ (वाघाने मारलेलं सावज) कुठे झाला ते हेरायला आणि हाका घालायला माणसं गावातलीच लागत. वाघाच्या पुढ्यात पायी चालायचं काम हाकाऱ्यांचं होतं. फोटोत उभं राहायचा मान परवानाधारकाचा.

या शिकाऱ्यांत अभ्यासू माणसंही होती, हे नाकारता येणार नाही. मध्य प्रांताच्या वनखात्यातले ए. ए. डनबार ब्रँडर यांचं इथल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक १९२३ मध्ये आलं. प्राण्यांच्या सवयींचं इतकं बारकाईने केलेलं निरीक्षण त्या काळात विरळा होतं. पण ज्या गोंड-माडिया माणसांच्या डोळ्यांनी साहेबांनी जंगल वाचलं, त्या माणसांची स्वतःची शिकार मात्र कलम २६ ने चोरीची ठरवली. परवाना नसलेला फास म्हणजे गुन्हा, आणि परवाना काढायला तालुक्याच्या गावी कोण जाणार?

बंदुकीचा शेवट

ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा मुखिया म्हणजे तारू. त्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडलं असं मानतात. पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. वाघाने मारलेल्या माणसाला देव करणाऱ्या या प्रदेशात वाघाची शिकार सर्वांत आधी थांबली ती याच तळ्याभोवती. १९३५ साली तिथे शिकारबंदी आली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. आजच्या महाराष्ट्रातलं ते सर्वांत जुनं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्याची भर पडली आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

बाकीच्या रानात मात्र बंदुका वाजत राहिल्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून देणाऱ्या कंपन्याही मध्य भारतात चालल्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पुष्कळ प्राण्यांना कवच दिलं. तरी त्या मूळ कायद्यात मोठ्या शिकारीचा, छोट्या शिकारीचा आणि जाळ्याने पकडण्याचा परवाना देण्याची सोय होतीच. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यामुळे हौसेची शिकार भारतात कायदेशीरपणे संपून जेमतेम तीन-साडेतीन दशकं झाली आहेत. आज कलम ११ खाली माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पीक उद्ध्वस्त करणाऱ्या प्राण्याबद्दल सक्षम अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, अशा मोजक्याच वाटा उरल्या आहेत.

अमेरिकेने याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं. १९३७ च्या कायद्याने तिथे बंदुका-काडतुसांवरच्या करातून वन्यजीव संवर्धनाला पैसा मिळू लागला, आणि १९५० मध्ये मासेमारीच्या साहित्यालाही तसाच कायदा लागू झाला. शिकारी आणि गळ टाकणारा तिथे जंगलाचा वर्गणीदार आहे. आपल्याकडे लोकसंख्या दाट, जंगलं तुकड्यातुकड्यांची आणि वाघ मोजके. आपण बंदीचा मार्ग घेतला, तो बरोबरच होता. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले.

पण बंदी कागदावर आली म्हणून पोटाची शिकार थांबत नाही. ती थांबवण्याची एक वेगळी रीत भामरागडजवळ हेमलकसाला दिसली. २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे डॉ. प्रकाश आमटे यांना मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेलं पिल्लू दिसलं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं. तिथून वन्यप्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, आणि पुढे लोक आपणहून पिल्लं आणून देऊ लागले. उपाशी माणसाला गुन्हेगार न ठरवता त्याच्याशी नातं जोडलं, म्हणून हे घडलं.

मासळीचा न्याय

शिकारीची गोष्ट सगळे सांगतात, मासळीची कोणी सांगत नाही. पूर्व विदर्भातल्या लोकजीवनाचा खरा आधार मात्र तळी आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने आणि कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेल्या या तळ्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी गेली तेव्हा ती सरकारजमा झाली. मात्र गावाचे वहिवाटीचे हक्क, म्हणजे ‘निस्तार’, निस्तार पत्रकात नोंदवलेले राहिले. ढिवर समाज या तळ्यांवर आणि नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगतो. पाणी कधी उतरतं, मरळ कुठल्या गवतात पिल्लं सांभाळते, पहिल्या पावसात मासे कोणत्या ओढ्याने चढतात, हे त्यांना तोंडपाठ. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी आपल्या ज्ञानातला मोठा वाटा अशाच माणसांकडून घेतला आणि तो मराठीत आणला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या जुन्या गुंत्यात एक स्पष्ट रेघ ओढली. त्याच्या कलम ३ मध्ये निस्तार हा हक्क म्हणून येतो. पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादन हाही सामूहिक हक्क म्हणून येतो. त्याच कलमात पुढे इतर पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार आणि सापळे लावणं मात्र नेमकं वगळलेलं आहे. १९२७ मध्ये एकाच खंडात कोंबलेल्या दोन गोष्टी अशा ऐंशी वर्षांनी वेगळ्या झाल्या. शिकार कुणाचाच हक्क नाही, मासळी गावाचा हक्क आहे.

याचा अर्थ पाहुण्यानेही समजून घ्यावा. गळ घेऊन इथल्या कुठल्याही तळ्यावर बसणं हा निरुपद्रवी विरंगुळा नव्हे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मासेमारी चालत नाही. बाहेरच्या तळ्यांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. तिथला मासा कुणाच्या तरी घरची चूल पेटवणार असतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर काम करणाऱ्या ढिवर स्त्रियांनी तर तळ्यांतली बेशरमीची झुडपं उपटून, देशी पाणवनस्पती लावून मासे परत आणले आहेत. तळं पाहायचं असेल तर अशा माणसांबरोबर पाहावं.

हक्क मिळाला की गाव जंगल राखतं, याची साक्ष गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) देतं. एके काळी या जिल्ह्याचा बांबू सरकारी कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात असे. मेंढ्याच्या ग्रामसभेने आपल्या रानातल्या बेसुमार तोडीला हरकत घेतली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तिचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला.

तिकिटाची खिडकी

वन्यजीव कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेश कोणत्या कारणांसाठी देता येतो ते सांगितलं आहे. छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन ही त्यांपैकी. आजची सफारी या एका कलमावर उभी आहे. ताडोबात गाभ्यातली मोहर्ली, कोलारा ही प्रवेशद्वारं आणि बफरमधली जुनोना, आगरझरी, देवाडा अशी अनेक. गाभा मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यातही बंद असतो. बल्लारपूर वनपरिक्षेत्रात कारव्यालाही सफारी आहे. गाइड आजूबाजूच्या गावांतले असतात, त्यांत स्त्रिया आहेत, जिप्सी चालवायला शिकलेल्या मुलीही आहेत. प्रवेशशुल्कातला वाटा बफरमधल्या गावांच्या विकासाकडे वळतो. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे.

तिची हाव मात्र वाढते आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पूर्वी माणसांची रांग डबे वाजवत वाघाला बंदुकीपुढे आणी. गाड्यांची रांग त्याला कॅमेऱ्यापुढे आणत असेल, तर गोळी सुटत नाही एवढाच काय तो फरक.

आणि बछडे गाड्यांच्या गराड्यातच अडकतात असं नाही. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी जुनोन्याच्या जंगलात बल्लारशा-गोंदिया लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा भागात वाघांच्या तस्करीतला बहेलिया टोळीचा म्होरक्या पकडला गेला. शेताच्या कुंपणात सोडलेली वीज, तारेचे फास आणि लोखंडी सापळे हे आजचे खरे शिकारी आहेत.

तिकिटाविना जाणारे

चैत्रात मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या माणसांपाशी जिप्सी नसते. खाली वाकून काम करणारं माणूस वाघाला सावजासारखं दिसतं, आणि चंद्रपूर जिल्ह्यातले किती तरी मृत्यू याच हंगामात होतात. राज्य सरकार अशा कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. ते दिलेच पाहिजेत. पण ज्या रानात पाहुणा वाघ दिसावा म्हणून पैसे मोजतो, त्याच रानात दुसरी व्यक्ती वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून चालते, हे दोन्ही अनुभव एकाच व्यवस्थेने सांभाळायला हवेत.

म्हणून इथे येणाऱ्या वाचकाला माझं सांगणं आहे. बफरमध्ये राहा, पैसा गावात पोचेल असं पाहा. वाघ दाखवण्यासाठी चालकाला गळ घालू नका. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आल्लापल्ली’ हे २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालेलं जुन्या सागवानाचं रान आहे, ते पाहा. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तो संगम पाहा. तळ्यावर गेलात तर ढिवराशी बोला, आणि मासा त्याच्याकडून विकत घ्या.

शासनाकडे मागणं त्याहून मोठं आहे. शिकारीच्या परवान्यावर किती जनावरं मारायची याची मर्यादा लिहिलेली असे. सफारीलाही मर्यादा हवी. एका वाघाभोवती किती गाड्या, एका गावाच्या रानात दिवसाला किती माणसं, तेंदूच्या दिवसांत कोणता मार्ग बंद, हे नियम ज्या ग्रामसभांच्या सीमेत ते रान येतं त्यांना बरोबर घेऊन ठरले पाहिजेत. मासळीचा आणि बांबूचा हक्क सांभाळण्याएवढी शहाणी ग्रामसभा पाहुण्यांचा हिशोबही ठेवू शकते. मेंढ्याने ते शहाणपण सिद्ध केलं आहे. आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर त्याला अधिकाराची जोड मिळायला हवी.