डिस्क गेली, पण मजकूर गेला का?

पिंप्राळ्याच्या वस्तीत लॅपटॉप आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. पुष्कळदा तो नवा नसतो. थोरल्या भावाने वापरून धाकटीला दिलेला असतो, नाही तर बाजारातून जुना घेतलेला असतो. पण त्याच्या पोटात काय काय साठलेले असते ते पाहा! मुलीचा प्रकल्प-अहवाल, नोकरीचे अर्ज, लग्नाचे फोटो, गेलेल्या आजीचा आवाज, आणि जात पडताळणीसाठी तालुक्याला दहा खेटे घालून मिळवलेली, स्कॅन करून ठेवलेली कागदपत्रे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. पणजोबांचा शाळेचा दाखला म्हणजे काय चीज असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि एके दिवशी लॅपटॉप सुरूच होत नाही. पडदा काळा, त्यावर इंग्रजीत दोन ओळी, आणि आतून टक्-टक् असा आवाज. अशा वेळी घरात काय होते? कोणी दहा वेळा बंद-चालू करून पाहतो. कोणी खालून थाप मारतो. शेजारचा जाणता मुलगा येतो आणि म्हणतो, “विंडोज उडाली आहे, नवी टाकून देतो.” मनात कोणाच्याच वाईट नसते. पण मजकूर कायमचा जातो तो बहुतेक वेळा या पहिल्या तासाभरात. डिस्क बिघडली म्हणजे मजकूर पुसला गेला असे मुळीच नाही. तो अजून तिथेच असतो. त्याचे नुकसान आपली घाई करते.

हे नीट कळण्यासाठी डिस्कच्या आत डोकावले पाहिजे. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने जाहीर केली ती सप्टेंबर १९५६ मध्ये. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील सोहळ्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट, म्हणून साल लक्षात ठेवायला सोपे. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, सुमारे एक टन वजन, आणि मावणार किती, तर पन्नास लाख अक्षरे. मोबाईलवर काढलेला आजचा एखादा फोटोही त्यात पुरता मावला नसता. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ही त्याच जातीची. आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. तिच्यावर एक बारीक वाचक-शीर, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात, तरंगत असते. तरंगते किती उंचीवर? माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. धुळीचा एक कण या हेडच्या वाटेत डोंगराएवढा ठरतो. मजकूर लिहिलेला असतो तो तबकडीवरच्या चुंबकीय थरात, अगदी बारीक ठिपक्यांच्या रूपाने.

म्हणून टक्-टक् आवाज आला की समजावे, हेडला आपली जागा सापडत नाही किंवा ते मोडले आहे. मोडके हेड तबकडीवर घासले तर तो चुंबकीय थर खरवडून निघतो. खरवडलेला मजकूर जगातला कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. तेव्हा अशा वेळी करायचे काम एकच: वीज बंद, आणि हात बाजूला.

मजकूर किती चिवट असतो याचा एक दाखला सांगण्यासारखा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान टेक्सासच्या आकाशात फुटले. आपली कल्पना चावला त्यातच गेली. सातही अंतराळवीर गेले. यानाच्या अवशेषांत महिन्यांनंतर एक हार्ड डिस्क सापडली. बाहेरून पाहिले तर जळका लोखंडी गोळा. तिच्यात झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची नोंद होती. ती क्रोल ऑनट्रॅक या अमेरिकन कंपनीकडे गेली. तिथल्या कारागिरांनी तबकड्या काढल्या, धुतल्या, त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के नोंद वाचून काढली. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कांतून मात्र काही निघाले नाही. मग ही एक का वाचली? एक तर तबकड्यांवर मजकूर होता तिथे ओरखडा नव्हता. दुसरे, डॉस या जुन्या प्रणालीमुळे मजकूर विखुरलेला नव्हता, एका ठिकाणी होता. आणि तिसरे माझ्या मते तितकेच मोठे कारण: ती सापडल्यावर कोणी तिला घरच्या घरी चालू करून पाहिले नाही!

आता आपल्या घराकडे येऊ. सगळेच बिघाड इतके भयंकर नसतात. पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते आणि लॅपटॉपच मेलेला असतो. मदरबोर्ड जळतो, चार्जिंगची जागा तुटते. तेव्हा डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घालायची आणि दुसऱ्या संगणकाला लावायची. केस काही शे रुपयांत मिळते आणि सगळे फोल्डर जसेच्या तसे दिसतात. टक्-टक् नाही, घरघर नाही, हे पाहूनच हा उपाय करावा.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्क फिरते, पण फाईल उघडताना अडते. तबकडीचे काही भाग थकलेले असतात. इथे विंडोजची दुरुस्तीची आज्ञा चालवण्याचा मोह होतो. ती चालवू नये. ती डिस्क ‘नीट’ करण्याच्या नादात मजकुराची उलथापालथ करते आणि दमलेल्या बैलाला आणखी पळवते. आधी पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि शोधाशोध त्या नकलेवर करायची. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम लिनक्सवर हे काम करतो. तो शहाणा आहे. सोपे भाग आधी उचलतो, अडणारे शेवटी पाहतो. डिस्क मध्येच दगावली तरी बहुतेक मजकूर हाती आलेला असतो.

तिसरा प्रकार चुकून पुसल्याचा किंवा नवी विंडोज टाकल्याचा. फाईल पुसली की जुन्या डिस्कवर फक्त अनुक्रमणिकेतले नाव जाते, पान जागेवर असते. त्यावर नवे लिहिले गेले की मग ते मिटते. म्हणून त्या लॅपटॉपवर पुढे काहीही करू नये, सिनेमा उतरवू नये, फोटो शोधण्याचा प्रोग्रामसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नये. ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही जोडी फुकट आहे; ती दुसऱ्या संगणकावरून चालवावी आणि सापडलेले वेगळ्या डिस्कवर उतरवावे.

काही घरगुती उपायांची फार चलती आहे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा म्हणतात. बाहेर काढताच आत दव धरते आणि तबकडी ओली होते. भिजलेली डिस्क तांदळात पुरा म्हणतात. पुराच्या पाण्यातली डिस्क वाळली की चिखल तबकडीला चिकटून बसतो. ती ओलसरच, पिशवीत बंद करून कारागिराकडे न्यावी. आणि उघडून पाहू? नाही. खान्देशातली धूळ तुम्हाला ठाऊक आहे.

उन्हाचेही तेच. जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो, आणि लॅपटॉप गोधडीवर ठेवून हवा जायची जाळी बुजवलेली असते. चालू लॅपटॉप तसाच दप्तरात कोंबून एस.टी.ने भुसावळला नेणारेही आहेत.

कारागिराकडे जाण्याआधी घरात एक बैठक घ्यावी आणि विचारावे, हरवलेल्यातले काय दुसरीकडे आहे? मुलीने अहवाल सरांना ई-मेल केला असेल, तर तो ‘सेंट’मध्ये आहे. दाखल्याचा फोटो मामाला व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल, तर मामाच्या मोबाईलमध्ये शोधा. मूळ दाखला शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे; जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात आहे, तहसीलमधून नक्कल मिळते. हे काम कंटाळवाणे खरे, पण यातून असे निघू शकते की खरोखर परत न मिळणारे म्हणजे आजीचा आवाज आणि चार फोटो. तेवढ्यासाठी किती पैसे घालायचे, हे मग शांतपणे ठरवता येते.

दुकान गोलाणी मार्केटमधले असो की पुण्या-मुंबईचे, प्रश्न तेच विचारावेत. आधी नक्कल काढणार का? डिस्क उघडावी लागली तर धूळ नसलेली बंदिस्त खोली आहे का, की टेबलावरच उघडणार? मजकूर निघाला नाही तर पैसे किती? फाईलींची यादी आधी दाखवणार का? डिस्कची हिरवी पट्टी जळली असेल तर “तसलीच दुसरी लावतो” हे उत्तर अपुरे आहे. नव्या डिस्कांत त्या पट्टीवर त्याच डिस्कच्या खास खुणा साठवलेल्या असतात, त्याही नव्या पट्टीवर न्याव्या लागतात. आणि लॅपटॉप देताना पावतीवर डिस्कचा क्रमांक लिहून घ्यावा. घरातल्या लेकीबाळींचे फोटो त्यात आहेत, संकोच कसला?

नव्या लॅपटॉपवाल्यांनी मात्र वरचे सगळे आपल्याला लागू आहे असे समजू नये. त्यांत फिरणारी तबकडी नसते, एसएसडी नावाची चिप असते. ती टक्-टक् करत नाही, कित्येकदा काही न सांगता एकदम जाते. तिच्यातून पुसलेली फाईल सहसा परत मिळत नाही, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. शिवाय नव्या विंडोजमध्ये पुष्कळदा डिस्कला आपोआप कुलूप लागते. त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ती नसेल तर चिप शाबूत असूनही कारागीर हात टेकतो. खाते दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलवर उघडून दिलेले असेल तर किल्ली त्याच्याकडे! आज संध्याकाळी लॅपटॉप चालू आहे तोवर खात्यात जाऊन ती किल्ली कागदावर उतरवावी, आणि रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवावी. तिथेच एक पेनड्राइव्ह, दाखल्यांची नक्कल भरलेला. आणि तसाच दुसरा कल्याणच्या नाही तर नाशिकच्या ताईकडे.