विन्सेंटची भावजय

विन्सेंट व्हॅन गॉग हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. त्याची सूर्यफुलं कुठल्या तरी कॅलेंडरवर किंवा मुलांच्या पुस्तकात पाहिली असतील. नसतील पाहिली तरी काही अडत नाही. आज त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्यावर लिहिल्या गेलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आणि त्या गोष्टीत जिला जेमतेम जागा मिळाली, त्या बाईबद्दल.

विन्सेंट मूळचा हॉलंडचा, जन्म १८५३ सालचा. त्याचा धाकटा भाऊ थिओ पॅरिसमध्ये चित्रांचा व्यापार करणाऱ्या पेढीत नोकरीला होता. तो नेमाने पैसे पाठवायचा, म्हणून विन्सेंटचे रंगही यायचे आणि पोटाची भाकरीही. १८९० च्या जुलैत, अवघ्या ३७ व्या वर्षी विन्सेंट गेला.

पुढे १९३४ साली आयर्विंग स्टोन या अमेरिकन लेखकाने त्याच्या आयुष्यावर 'लस्ट फॉर लाइफ' नावाची कादंबरी लिहिली. माधुरी पुरंदरे यांनी ती मराठीत आणली आहे. १९५६ साली तिच्यावर सिनेमाही निघाला. चित्रकार म्हटलं की उपाशीतापाशी, तिरसट, स्वतःचा कान कापून घेणारा, जिवंतपणी कुणी न ओळखलेला माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येतो, त्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नाही, हे खरंच. कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या वस्तीत विन्सेंटने काढलेले दिवस तर जरूर वाचावेत असे आहेत. पण कादंबरी ती कादंबरीच. तिच्यात माया नावाची एक बाई येते, ती सगळी कल्पनेतली. लेखकाने शेवटी तसं सांगूनही टाकलं आहे, तेवढा तो प्रामाणिक.

पुस्तक मिटल्यावर वाटत राहतं, की या माणसाने वेडाच्या भरातच चित्रं काढली. त्याची पत्रं वाचली की मात्र दुसराच माणूस भेटतो. 'बटाटे खाणारी माणसं' हे त्याचं १८८५ सालचं चित्र घ्या. दिव्याच्या उजेडात एक शेतकरी कुटुंब एकाच ताटात हात घालून बटाटे खातं आहे. हे चित्र जमावं म्हणून त्याने आधी एक हिवाळाभर शेतकऱ्यांचे चेहरे काढून काढून सराव केला. थिओला त्याने कळवलं, की जे हात ताटात जाताहेत त्याच हातांनी ही जमीन खणली आहे आणि हे अन्न त्यांनी कष्टाने मिळवलं आहे, हे मला दाखवायचं होतं. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि असा विचार करून, सराव करून काम करणाऱ्याला नुसतं वेडा म्हणणं मला तरी पटत नाही.

ही पत्रं कादंबरीकाराला मिळाली कुठून? इथे योहाना येते.

योहाना ही थिओची बायको, म्हणजे विन्सेंटची भावजय. १८८९ च्या एप्रिलमध्ये तिचं लग्न झालं, पुढच्या जानेवारीत मुलगा झाला. जुलैत दीर गेला आणि १८९१ च्या जानेवारीत नवराही. वय २८, कडेवर वर्षाचं पोर, आणि घरात शेकडो चित्रं, ज्यांना बाजारात तेव्हा जवळजवळ किंमत नव्हती. ती हॉलंडला परतली आणि बुसुम नावाच्या गावी तिने पाहुण्यांना राहण्या-जेवण्याची सोय करणारं घर चालवायला घेतलं. जोडीला भाषांतरं करायची. थिओने आपल्यावर मुलाबरोबर आणखी एक काम सोपवलं आहे, विन्सेंटची चित्रं लोकांपर्यंत पोचवायचं, असं तिने डायरीत लिहून ठेवलं.

मला तिची वही फार आवडते. थिओने सुरू केलेली हिशेबाची वही तिने पुढे चालू ठेवली. तिच्यात घरखर्च आहे आणि त्याच पानांवर कोणतं चित्र किती पैशांना विकलं, ही नोंदही आहे. बचत गटाची वही सांभाळणारीला तिचं मोल लगेच कळेल. योहाना सगळी चित्रं एकदम विकत नव्हती. थोडी विकायची, चांगली राखून ठेवायची, पण प्रदर्शनांना पाठवायची. १९०५ साली ॲमस्टरडॅममध्ये तिने मोठं प्रदर्शन भरवलं, चारशेहून जास्त चित्रं आणि रेखाटनं मांडली. मधे १९०१ साली तिने एका चित्रकाराशी दुसरं लग्न केलं होतं, तोही १९१२ साली गेला. काम थांबलं नाही.

पत्रांचं पुस्तक तिने काढलं ते थेट १९१४ साली. विन्सेंट जाऊन २४ वर्षं झाली होती. इतका उशीर का, याचं कारण तिने प्रस्तावनेत दिलं. ज्या कामासाठी त्याने आयुष्य घातलं त्याची कदर होण्याआधी लोकांना त्याच्या आयुष्याचीच उत्सुकता लागावी, हे त्याच्यावर अन्याय करणारं झालं असतं, असं तिचं म्हणणं. कापलेल्या कानाची गोष्ट चित्रांना झाकून टाकील, ही भीती तिला कादंबरी येण्याच्या वीस वर्षं आधीच होती!

१९२४ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने सूर्यफुलांचं चित्र मागितलं. घरातलं ते लाडकं चित्र द्यायला ती आधी तयार नव्हती. शेवटी विन्सेंटच्या नावासाठी म्हणून दिलं. १९२५ साली ती गेली, तेव्हा त्या पत्रांचं इंग्रजी भाषांतर तिच्या हातात होतं, अर्ध्याहून जास्त झालेलं.

नऊ वर्षांनी कादंबरी आली. तिच्यात योहाना आहे ती थिओची बायको म्हणून, कारण गोष्ट दोन्ही भाऊ गेले तिथेच संपते आणि योहानाचं काम तर तिथून पुढे सुरू होतं. तिचं स्वतःचं सविस्तर चरित्र डच भाषेत यायला २०१९ साल उजाडलं. ते लिहिलं ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातल्या एका संशोधकाने. तिने राखून ठेवलेली चित्रं आज त्याच संग्रहालयाच्या भिंतींवर आहेत.